कामाच्या मुदतीत आजाऱ्यासाठी हातचे दिवस हवेत

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरून करता येण्याजोग्या सर्जनशील कामांविषयी अलीकडे प्रसिद्ध झालेला लेख मी लक्षपूर्वक वाचला. लेखन, अनुवाद, चित्रकाम, मांडणी, ध्वनिमुद्रण या कामांची त्यातली माहिती उपयुक्त आणि नेमकी होती, त्याबद्दल लेखकाचे आभार मानले पाहिजेत. मात्र लेखाच्या अखेरीस असे एक वाक्य होते, की दीर्घकालीन आजार असलेल्यांसाठी ही कामे म्हणजे वरदानच होय. ते लिहिताना लेखकाच्या मनात सहानुभूतीच होती, याविषयी मला शंका नाही. परंतु गेली अकरा वर्षे मी अशा आजारासह जगते आहे आणि त्यांतली आठ वर्षे याच कामांवर माझा चरितार्थ चालला आहे. त्या अनुभवातून या वाक्यात काही भर घालणे मला आवश्यक वाटते, म्हणून हे पत्र.

माझा आजार संधिवाताचा, त्यातही ऱ्हुमॅटॉइड म्हणतात त्या प्रकारचा. वयोमानाने सांधे झिजतात तो हा आजार नव्हे. यात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते, ते अस्तर सुजते, आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर कूर्चा व हाड यांची कायमची हानी होते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पट अधिक आढळतो. बहुतेकदा त्याची सुरुवात हाताची बोटे, मनगट अशा लहान सांध्यांपासून होते, आणि माझे पोट तर याच सांध्यांवर चालते. सकाळी उठल्यावर सांधे आखडलेले असतात. ही आखड तासाभराहून अधिक टिकणे हे या आजाराचे ओळखीचे लक्षण आहे. दहा वाजेपर्यंत मला पेन्सिल नीट धरता येत नाही, बारा ते चार हा माझा खरा कामाचा वेळ, आणि संध्याकाळी पुन्हा थकवा अंगावर येतो. या आजारात बहुधा सर्वप्रथम दिले जाणारे मेथोट्रेक्सेट हे औषध आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, आणि त्यानंतरचा दिवस माझ्यासारख्या अनेकांचा मळमळ व थकवा यांतच जातो. आठवड्यातला तो दिवस मी आधीच वजा करून ठेवलेला असतो. हे सारे ठरलेले असल्यामुळे त्याभोवती कामाची आखणी करता येते. आखणी कोलमडते ती आजार उचल खातो तेव्हा. तो कधी उचल खाईल, कोणता सांधा धरेल आणि किती दिवस मुक्काम करील, हे मला सांगता येत नाही आणि माझ्या डॉक्टरांनाही सांगता येत नाही.

आजाराचे निदान झाले तेव्हा मी एका प्रकाशन संस्थेत पुस्तकांची मांडणी करण्याच्या कामावर होते. तिथली माणसे वाईट नव्हती. पहिल्या वर्षी त्यांनी माझे खाडे समजून घेतले, दुसऱ्या वर्षी सांभाळून घेतले, आणि तिसऱ्या वर्षी मला जाणवू लागले, की माझ्या टेबलावरचे काम न विचारता शेजारच्या टेबलावर जाऊ लागले आहे. सकाळी नऊला हजर राहणे एवढ्या एका अटीपायी माझ्या हातातले कौशल्य निरुपयोगी ठरत होते. तेच काम अकरा वाजता सुरू करून सात वाजता संपवले असते, तर पुस्तकाच्या पानावर कोणताही फरक दिसला नसता. मी तशी विनंती केली होती. एकाला सवलत दिली, की सर्वांना द्यावी लागते, असे उत्तर मिळाले. मी नोकरी सोडली तेव्हा मला मनापासून वाटत होते, की घरून काम सुरू झाले म्हणजे हा प्रश्न मिटला.

तो मिटला नाही. जागेची अडचण तेवढी सुटली. पाय वर घेऊन बसता येते, मनगटाला आधारपट्टा बांधून काम करता येते, दुपारी अर्धा तास आडवे होता येते, आणि हे कमी नाही. प्रवासात खर्ची पडणारी ताकद कामाला लावता येते, याचे मोल निरोगी माणसाला सहसा कळणार नाही. पण घरून मिळणारे बहुतेक काम ज्या अर्थाने लवचीक म्हणवले जाते, तो अर्थ जागेपुरता आणि दिवसातल्या तासांपुरताच असतो. काम कधी द्यायचे ती तारीख नोकरीतल्यापेक्षाही ताठ असते. नोकरीत एक दिवस गैरहजर राहिले, तर रजा मांडली जाते. बाहेरून काम करणाऱ्याला रजा नसते. त्याचा एक दिवस चुकला, तर कामच हातचे जाते.

तिसऱ्याच वर्षी मला हे शिकावे लागले. मुलांच्या एका पुस्तकासाठी चोवीस रंगीत चित्रे काढण्याचे काम माझ्याकडे आले होते आणि मुदत सहा आठवड्यांची होती. सोळा चित्रे चार आठवड्यांत पूर्ण झाली, म्हणजे मी वेळापत्रकाप्रमाणेच चालले होते. पाचव्या आठवड्यात उजव्या मनगटाने उचल खाल्ली. मी त्याच दिवशी कळवले, दहा दिवस वाढवून मागितले, आणि झालेली सोळाही चित्रे सोबत पाठवून दिली. चार दिवसांनी उत्तर आले, की उरलेली चित्रे दुसऱ्या चित्रकाराकडून करून घेत आहोत, आणि शैली एकसारखी राहावी यासाठी आता सर्वच चित्रे नव्याने काढली जातील. करारात मानधन संपूर्ण काम हाती आल्यावरच देय होते. सोळा चित्रांचे मला काहीच मिळाले नाही. समोरच्या माणसाची छपाईची तारीख ठरलेली होती, त्याचीही ओढाताण होत असेल, हे मला तेव्हाही समजत होते. पण ज्या अनिश्चिततेवर आम्हा दोघांचेही नियंत्रण नव्हते, तिचा सगळा भार त्या एका कलमामुळे माझ्या एकटीवर पडला.

मला सांगायचे आहे ते या कलमाविषयी. दीर्घकाळ आजारी असणारा माणूस कमीच काम करतो असे नाही. तो असमान काम करतो. चित्रकार पाउल क्ले यांचे उदाहरण मला यासाठी फार महत्त्वाचे वाटते. १९३५ पासून त्यांना त्वचा आणि आतले अवयव कठीण करत नेणाऱ्या आजाराने ग्रासले. तो स्क्लेरोडर्मा असावा असे मानले जाते. क्ले स्वतःच्या प्रत्येक कामाची क्रमवार नोंद ठेवत, त्यामुळे त्यांच्या वर्षावर्षाचा हिशेब आज उपलब्ध आहे. १९३६ मध्ये त्यांच्या हातून अवघी २५ कामे झाली, आणि १९३९ मध्ये, म्हणजे मृत्यूच्या आदल्या वर्षी, १२०० हून अधिक. १९३६ मध्ये एखाद्याने त्यांना वर्षभराच्या कराराने बांधून घेतले असते, तर त्यांच्यावर कामचुकारपणाचा ठपका आला असता. मी क्ले यांच्याशी स्वतःची तुलना करत नाही. पण माझ्या कामाच्या वहीतही अशीच वर्षे आणि असेच महिने आहेत. एका महिन्यात एक अख्खे पुस्तक तपासून होते, दुसऱ्यात वीस पाने होत नाहीत. वर्षाची बेरीज घेतली, तर मी कुणालाही परवडण्याजोगी कामगार आहे. आठवड्याची घेतली, तर नाही. बाजार आठवड्याचीच बेरीज घेतो.

यावर सर्वजण एकच उपाय सुचवतात, की चांगल्या दिवशी जास्त काम करून वाईट दिवसाची तूट भरून काढावी. हा सल्ला अनेक आजारांत अपायकारक आहे, हे मला ठासून सांगावेसे वाटते. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस, म्हणजे ज्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम असेही म्हणतात, त्या दीर्घकालीन थकव्याच्या आजारात श्रमाचा परिणाम लगेच दिसतही नाही. तो काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी अंगावर येतो आणि मग आठवडेच्या आठवडे टिकू शकतो. ज्या दिवशी आठ तास काम केले तो दिवस छान गेलेला असतो, आणि त्याची वसुली परवा होते. ब्रिटनमधील नाइस या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेने २०२१ च्या आपल्या मार्गदर्शिकेत या रुग्णांना ठरावीक मापाने व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार देऊ नये असे स्पष्ट केले आणि आपल्या ताकदीच्या मर्यादेत राहून दिवस आखण्यावर भर दिला. माझा आजार वेगळा आहे, पण चांगल्या दिवसाच्या मोहाची किंमत मीही मोजली आहे. म्हणून आता कितीही बरे वाटले, तरी पाचव्या तासाला मी उठते. ही शिस्त अंगी बाणवायला मला नोकरीतल्या कोणत्याही शिस्तीपेक्षा अधिक वर्षे लागली, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ती आळसासारखी दिसते, याचे मला अजूनही वाईट वाटते.

आता कामांविषयी. आपल्या लेखात सर्व सर्जनशील कामे एकाच माळेत ओवली होती. आजारी माणसाला त्यांत निवड करावी लागते, आणि ती आवडीपेक्षा आजाराच्या स्वभावावर अवलंबून असते. मुद्रितशोधन हे मला सर्वांत विश्वासाचे काम वाटते, कारण ते कोणत्याही पानावर थांबवता येते आणि दुसऱ्या दिवशी त्याच ओळीपासून पुढे नेता येते. हाताला श्रम थोडे पडतात. परंतु ज्यांच्या आजारात किंवा औषधांमुळे मन धूसर होते, शब्द निसटतात, त्यांना हेच काम सर्वांत कठीण जाईल, कारण त्यात अवधान क्षणभरही सुटून चालत नाही. अनुवादात पहिला खर्डा बोलून टंकलिखित करता येतो. फोनवरची आणि संगणकावरची मराठी बोलटंकनाची सोय आता इतकी सुधारली आहे, की मी निम्म्याहून अधिक मजकूर बोलूनच उतरवते. जोडाक्षरे आणि विरामचिन्हे मागाहून दुरुस्त करावी लागतात, आणि बोललेले वाक्य लिहिलेल्या वाक्यापेक्षा सैल पडते, म्हणून दुसरा हात फिरवण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो. सबटायटल्सचे काम वरवर पाहता सुटसुटीत तुकड्यांचे वाटते, पण पात्र बोलू लागते त्या क्षणाशी प्रत्येक ओळ जुळवताना बटणे शेकडो वेळा दाबावी लागतात, आणि दुखऱ्या बोटांना अनुवादापेक्षा ते अधिक सोसावे लागते. पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करण्याचे काम हाताला मोकळीक देते. मात्र ज्यांना श्वासाचा त्रास आहे किंवा ज्यांचा आवाज थकव्याने बसतो, त्यांच्यासाठी ते नाही, कारण एकाच प्रकरणात दोन दिवसांचा आवाज वेगवेगळा लागला, तर ऐकणाऱ्याला तो लगेच खटकतो.

चित्रकाम मी सोडलेले नाही, पण त्याची पद्धत बदलली. पेनाला जाड वेष्टण चढवले, म्हणजे चिमूट घट्ट आवळावी लागत नाही. मनगटाऐवजी खांद्यापासून रेघ ओढायला शिकले, म्हणजे रेघ मोठी होते आणि बारकावे कमी होतात. सुरुवातीला या मोठ्या रेघेची मला लाज वाटे. आज माझ्याकडे काम येते ते तिच्यासाठीच येते, आणि तरीही मला ती बारीक रेघ परत मिळाली असती तर हवी होती.

पैशाच्या बाबतीत तासावर आणि नगावर असे दोन प्रकार आहेत. तासावर काम घेतले, तर प्रत्येक मंद तासाचा हिशेब द्यावा लागतो. काही ठिकाणी तर काम चालू असताना संगणकाच्या पडद्याची छायाचित्रे आपोआप टिपली जातात, आणि वीस मिनिटे हात शेकत बसले, तर ती वीस मिनिटे रिकामी म्हणून नोंदली जातात. शब्दावर, पानावर किंवा चित्रावर दर ठरवला, की माझा उरक हा माझा खासगी प्रश्न राहतो. मी हाच प्रकार निवडते आणि इतरांनाही सुचवते. त्यात एक धोका आहे, तो असा, की आपण ताशी किती अल्प मिळवतो हे आपल्यालाच दिसेनासे होते. म्हणून दर ठरवण्यापूर्वी निदान महिनाभर स्वतःच्या वेळेची प्रामाणिक नोंद करावी आणि तीत बरा दिवस न धरता मध्यम दिवस धरावा.

विनामोबदला नमुना मागण्याच्या प्रथेबद्दलही लिहिणे भाग आहे. काम देण्यापूर्वी दोन पाने अनुवाद करून दाखवा, एक चित्र काढून दाखवा, असे सर्रास सांगितले जाते. निरोगी माणसाच्या आठवड्यातून अशा नमुन्यासाठी एक संध्याकाळ जाते. ज्याच्या आठवड्यात कामाचे एकूण वीसच तास आहेत, त्याचे चार तास नमुन्यात गेले, तर त्या आठवड्याच्या कमाईचा पाचवा हिस्सा गेला. पूर्वीचे प्रसिद्ध झालेले काम पाहून निर्णय का घेता येऊ नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कुणी दिलेले नाही. मानधन तीन-तीन महिने रखडण्याचेही तेच. औषधे दर महिन्याला लागतात, रक्ततपासणी ठरल्या तारखेलाच करावी लागते. तिथे उधारी चालत नाही.

आजार कळवायचा की नाही, या प्रश्नाने मला जितके छळले आहे तितके आजारानेही क्वचितच छळले असेल. आधी सांगितले, तर काम येत नाही, आणि कारण कधीही आजाराचे सांगितले जात नाही. सध्या योजना पुढे ढकलली आहे, असे कळवले जाते. आधी न सांगता अडचण आल्यावर सांगितले, तर ती सबब वाटते, आणि विश्वास एकदा गेला, की तो आजाराबरोबर बरा होत नाही. माझ्याकडे पाहून मी आजारी आहे असे कुणाला वाटत नाही, आणि पडद्यावर तर केवळ चेहरा दिसतो. अनेक वर्षे चुकत-माकत मी एका वाक्यापर्यंत पोहोचले आहे. मी आजाराचे नाव सांगत नाही. काम स्वीकारताना एवढेच लिहिते, की माझी काम करण्याची गती समान नसते, म्हणून मी मुदतीत काही दिवस हातचे राखून तारीख देते आणि ती पाळते. बहुतेकांना एवढे पुरते. ज्यांना पुरत नाही, त्यांचे काम मी घेत नाही, आणि असे नाकारता येण्याइतकी माझी स्थिती आज आहे, हे मी नशीब समजते. प्रत्येकाची ती नसते.

कायद्याचा आधार किती, हेही पाहिले पाहिजे. संयुक्त राष्ट्रांनी १३ डिसेंबर २००६ रोजी स्वीकारलेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारात दीर्घकालीन शारीरिक क्षीणतेचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे माझ्यासारखे अनेक आजारी त्याच्या कक्षेत येऊ शकतात. त्याच्या सत्ताविसाव्या कलमात कामाच्या ठिकाणी वाजवी सोय करून देण्याचे तत्त्व आहे आणि स्वयंरोजगाराला प्रोत्साहन देण्याचेही आहे. अडचण अशी, की वाजवी सोय मागायची तर कुणीतरी मालक असावा लागतो. माझ्यासारखीला मालक नाही, केवळ कामापुरता संबंध आलेली माणसे आहेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ मध्ये घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. पण स्वायत्तता आणि आर्थिक स्वातंत्र्य असलेल्या स्वतंत्र कामगारांना त्याच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि आजवर मोजक्याच देशांनी त्याला मान्यता दिली आहे. कागदावर मी स्वतंत्र आहे. त्या शब्दामुळे जे संरक्षण नोकरदाराला मिळते ते मला मिळत नाही, आणि जे स्वातंत्र्य त्या शब्दात आहे ते मुदतीच्या कलमाने काढून घेतलेले असते.

आजारपणात मोठे काम केलेल्या कलावंतांच्या कथा आम्हाला नेहमी ऐकवल्या जातात, आणि त्यांतून जिद्द घ्यावी असे सांगितले जाते. फ्रेंच चित्रकार रन्वार यांची कथा मी असंख्य वेळा ऐकली आहे, कारण त्यांचा आजार आणि माझा आजार एकच. पन्नाशीच्या सुमारास त्यांना ऱ्हुमॅटॉइड संधिवात जडला आणि १९१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते चित्रे काढत राहिले. वाकलेल्या हाताला कुंचला बांधून ते रंगवत, असे सांगितले जाते. ते खरे नाही. हाताला बांधलेल्या पट्ट्या तळव्याच्या कातडीला इजा होऊ नये म्हणून होत्या. कुंचला ते बोटांतच धरत, मात्र तो त्यांच्या हातात कुणीतरी ठेवून द्यावा लागे. मोठा कॅनव्हास गुंडाळीवर चढवून तो हवा तसा सरकवण्याची सोय त्यांनी करून घेतली होती, त्यामुळे चाकाच्या खुर्चीतून न उठता चित्राचा प्रत्येक भाग हाताच्या टप्प्यात येई. शिल्पे करताना तर हात दुसऱ्या शिल्पकाराचे असत. दुसरे फ्रेंच चित्रकार मातिस यांच्यावर १९४१ मध्ये पोटाची मोठी शस्त्रक्रिया झाल्यानंतर त्यांनी अंथरुणावरून आणि खुर्चीतून कात्रीने रंगीत कागद कापून चित्रे केली. ते कागद आधी रंगवून देणारे आणि मग त्यांच्या सूचनेप्रमाणे भिंतीवर टाचणारे साहाय्यक होते. जिद्द या दोघांकडेही होती, याविषयी वाद नाही. पण जिद्दीच्या भोवती माणसे होती, साधने होती, पैसा होता, आणि अमुक तारखेला चित्र न आल्यास ते रद्द समजू, असे सांगणारे कुणी नव्हते. आम्हाला कथेतली जिद्द तेवढी दिली जाते.

मागायचे आहे ते फार नाही. चार वर्षांपूर्वी एका लहानशा मासिकाच्या संपादकांनी मला पहिले काम देताना दोन प्रश्न विचारले होते. हे काम आमच्याकडे कधी आले तर बरे, याची तारीख त्यांनी सांगितली. आणि कोणत्या तारखेनंतर आम्हाला अजिबात थांबता येणार नाही, हीही सांगितली. दोन्हींमध्ये बारा दिवसांचे अंतर होते. यांतली पहिली तारीख तुम्हाला जमेलसे वाटते का, आणि जमली नाही तर केव्हा कळवाल, एवढेच त्यांनी विचारले. त्यांना माझ्या आजाराविषयी काही माहीत नव्हते. ते सर्वांनाच तसे विचारत. गेल्या चार वर्षांत त्यांचे एकही काम माझ्याकडून दुसऱ्या तारखेपलीकडे गेलेले नाही, आणि बहुतेक कामे पहिल्या तारखेच्या आतच झाली आहेत, कारण हातचे दिवस आहेत हे ठाऊक असले, की भीतीने रात्र जागून मी स्वतःला आजारी पाडत नाही. ज्याने काम द्यायचे त्याच्याकडे ही दुसरी तारीख बहुतेक वेळा असतेच. ती तो आपल्याजवळ ठेवतो, कारण ती सांगितली तर लोक ढिलाई करतील असे त्याला वाटते. काही जण करतीलही. त्यांच्यासाठी पहिल्या तारखेला काम दिल्यास थोडे अधिक मानधन, अशी व्यवस्था करता येईल. पण दुसरी तारीख करारात लिहिलेली असावी.

त्यासोबत टप्प्याटप्प्याने काम स्वीकारून त्या त्या टप्प्याचे मानधन देण्याची पद्धत असावी. सोळा चित्रे झाली, तर सोळा चित्रांचे पैसे मिळावेत, मग ती छापली जावोत अथवा न जावोत. आणि मोठे काम दोघांनी मिळून घेण्यास हरकत नसावी. मी आणि माझी एक मैत्रीण, जिला मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, गेल्या वर्षापासून अनुवादाची कामे एकत्र घेतो. परिभाषेची यादी दोघींची एकच असते, आणि एकीची तब्येत बिघडली, तर दुसरी पुढचे प्रकरण हाती घेते. दोघींची तब्येत एकाच आठवड्यात बिघडण्याचा प्रसंग आजवर दोनदा आला. दोन्ही वेळा दुसऱ्या तारखेने आम्हाला तारले.

यंत्राने केलेल्या अनुवादावर केवळ हात फिरवून द्या, असे सांगून अर्ध्या दरात आणि तिप्पट घाईने दिली जाणारी कामे आता वाढू लागली आहेत, आणि त्यांत हातचे दिवस मागण्याची सोयच उरत नाही. हा विषय मोठा आहे, त्यावर आपण जाणकारांकडून स्वतंत्रपणे लिहवून घ्यावे, असे मी सुचवते.

आपले वृत्तपत्र स्वतः बाहेरच्या लेखकांना, चित्रकारांना आणि अनुवादकांना काम देते, म्हणून ही मागणी मी सर्वप्रथम आपल्याकडेच करते. बातमीला थांबता येत नाही, हे उघड आहे. परंतु पुरवणीतील सदरे, कथाचित्रे, पुस्तक परिचय, शब्दकोडी हे साहित्य कित्येक आठवडे आधी ठरते. त्यासाठी काम सोपवताना आपण दोन तारखा कळवाव्यात, आणि घरून करण्याच्या कामांच्या ज्या जाहिराती आपण छापता, त्यांत मुदत, मानधन देण्याची तारीख आणि नमुन्याचा मोबदला यांचा उल्लेख असावा असा आग्रह आपण धरावा, ही विनंती.

माझे नाव व पत्ता आपल्या माहितीसाठी सोबत वेगळा कळवला आहे. तो प्रसिद्ध करू नये. सध्या माझ्या हाती तीन कामे आहेत, आणि त्यांपैकी दोन ठिकाणी माझ्या आजाराची कल्पना मी अजून दिलेली नाही.

आपली विश्वासू,
एक वाचक